सत्तेचाळीस नंबरची नोंद

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे सरकवली, तेव्हाच मावशींना कळलं की काहीतरी बिनसलंय. अठरा वर्षांत त्या दोघी समोरासमोर बसून कधी बोलल्याच नव्हत्या. जे बोलायचं ते प्रयोगशाळेतल्या लांब ओट्यापाशी, उभ्या उभ्या. एकीच्या हातात नळी, दुसरीच्या हातात कागद.

"बसा मावशी."

"मी उभीच बरी. काय ते सांगा."

"बसा म्हणते ना!"

मावशी खुर्चीच्या कडेवर टेकल्या. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"तुमची नात, भिंगरी, आपल्या पाहणीत आहे ना. तिचे तिन्ही रात्रींचे आकडे वर आलेत. थोडेथोडके नाहीत, मोठ्यांसाठी ठरलेल्या वरच्या रेषेच्या दुप्पट."

मावशी आपल्या दोन्ही हातांकडे पाहत राहिल्या. त्याच हातांनी त्या नळ्या यंत्रात ठेवल्या होत्या.

पाहणी अशी होती. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक छोटीशी ग्रंथी बसलेली असते. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या हुकमावरून ती कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक रक्तात सोडते. संप्रेरक म्हणजे शरीराने शरीरालाच धाडलेला निरोप. हा निरोप सकाळी मोठ्याने येतो, 'उठा, कामाला लागा!' दिवस कलतो तसा तो हळू होत जातो आणि झोपायच्या वेळी जवळजवळ गप्प बसतो. काही मुलांच्या बाबतीत मात्र तो रात्रीही गप्प बसत नाही. अशी मुलं अंगाने भरतात, पण उंचीने थांबतात, आणि घरच्यांना वाटतं, पोर खातंपितं आहे, बरंच आहे. आजार ओळखू येईपर्यंत वर्षं निघून जातात.

तो लवकर ओळखायचा तर आधी हे माहीत हवं, की धडधाकट मुलांमध्ये झोपायच्या वेळी किती कॉर्टिसॉल असतं. आजवर मुलांनाही मोठ्यांचीच मोजपट्टी लावत आले होते. डॉक्टरबाईंना मुलांची वेगळी मोजपट्टी तयार करायची होती. त्यासाठी सहा ते बारा वर्षांची शहाण्णव निरोगी मुलं निवडली. सुई नाही, रक्त नाही. सलग तीन रात्री झोपताना मुलाने कापसाची एक वळी मिनिटभर चावायची, लाळेने भिजली की नळीत टाकायची, आणि सोबतच्या कार्डावर झोपेची वेळ, जेवणाची वेळ वगैरे लिहायचं. लाळेतही हे संप्रेरक थोडंसं उतरतं. तेवढ्यावर मोजणी होते.

मावशी त्या प्रयोगशाळेतल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ. मोजणी त्यांच्याकडे होती. नळीवर मुलाचं नाव नसे, फक्त आकडा; कुठला आकडा कुणाचा, ती यादी डॉक्टरबाईंच्या कुलपात. त्यामुळे आपल्याच नातीची लाळ आपण कधी मोजली, हे मावशींना ठाऊक नव्हतं.

"यंत्र?" मावशींनी विचारलं.

"यंत्र तुम्हीच तपासलंत ना?"

"हो. मीच."

दर वेळी त्या आधी एक माहितीतला नमुना लावत, ज्याचं उत्तर पक्कं ठरलेलं असतं. तो केसभरही हलला नव्हता. यंत्र चुकलं म्हणावं, तर आपला हात चुकला म्हणायचं. आणि हात चुकला नव्हता. स्वतःच्या चोख कामाचा राग यावा, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

"मावशी, पोरगी गोल गालांची आहे. वर्गात सगळ्यात बुटकी, तुम्हीच सांगत असता."

"अहो, गोल गाल आमच्या घराण्यातच आहेत!"

"असतीलही. पण आकड्याला घराणं कळत नाही. सोमवारी तिला दाखल करू. तीन दिवस लागतील. हातात सुई राहील, ठरल्या ठरल्या वेळी रक्त घ्यावं लागेल, मग औषध देऊन पुन्हा रक्त. लागलंच तर डोक्याचं चित्रही काढू."

"आज गुरुवार," मावशी म्हणाल्या. का म्हणाल्या, ते त्यांनाही कळलं नाही.

*

लेकीचं घर मावशींच्याच इमारतीत, दोन मजले वर. मावशींनी सगळं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. लेकीने गॅस बंद केला आणि त्यांच्याकडे वळली.

"सुई नाही, रक्त नाही, नुसता कापूस चावायचा. कोण म्हणालं होतं?"

"मीच."

"मी नको म्हणत होते. तूच म्हणालीस, घरचंच काम आहे, निरोगी मुलं हवीत, आपली भिंगरी काय वाईट आहे! घे आता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

"बरं झालं ना, कळलं तरी. काही असेल तर लवकर—"

"आई, तू प्रयोगशाळेत बोल असं. माझ्याशी नको."

तेवढ्यात भिंगरी आतल्या खोलीतून गिरकी घेत आली. ती सरळ कधी चालतच नसे, म्हणून तर तिचं नाव भिंगरी. वय सात. खालचा पुढचा एक दात गेलेला, आणि त्या फटीतून जीभ सारखी बाहेर डोकावणारी. तिने दोघींचे चेहरे पाहिले आणि थांबली.

"आजी, मी नापास झाले का?"

"कशात ग?"

"थुंकीत."

रडू आवरत असलेल्या लेकीला हसू फुटलं. "थुंकीत कुणी नापास होत नसतं, बाई!"

"मग तू का रडतेस? माझा कापूस गुलाबी झाला म्हणून?"

मावशींनी तिला जवळ ओढलं. "काय झाला म्हणालीस?"

"गुलाबी. तेव्हा माझा दात हलत होता ना. चावला की तिथून रक्त यायचं. जास्त नाही, एवढंस्संच." तिने करंगळीचं टोक दाखवलं. "मी लिहिलंय की कार्डावर! तूच म्हणालीस, जे दिसेल ते लिहायचं, कुणी विचारलं नसेल तरी. मी दाताचं चित्रपण काढलंय. पहिल्या दिवशी लिहिलं, गुलाबी. दुसऱ्या दिवशी, जास्त गुलाबी. तिसऱ्या दिवशी लिहिलं, कालच्यासारखंच. कारण मला झोप येत होती."

"मला नाही सांगितलंस ते?" लेक म्हणाली.

"तू फोनवर होतीस."

मावशी ओट्यापाशी गेल्या. त्यांनी दोन वाट्या घेतल्या, दोन्हींत पाणी ओतलं. एकीत मिठाचा नुसता कण टाकला, दुसरीत दोन चमचे मीठ घालून ढवळलं.

"ही चाख."

भिंगरीने बोट बुडवून चाटलं. "कळतच नाही, मीठ आहे की नाही."

"ही म्हणजे लाळ. आता ही दुसरी."

"शी! समुद्र!"

"हे रक्त. आपण जे मोजतो ना, ते लाळेत असतं कणभर आणि रक्तात असतं ढीगभर. आता मी या समुद्रातला एक चमचा त्या पहिल्या वाटीत टाकला. चाख."

"खारट झालं!"

"आता समजा, मी चमचा टाकला हे कुणाला माहीतच नाही. चाखणारा काय म्हणेल?"

भिंगरीने जीभ फटीतून बाहेर काढून विचार केला. "म्हणेल, हे पाणी पहिल्यापासूनच खारट आहे. पण ते तर चमच्यामुळे!"

लेक ओट्याला टेकून ऐकत होती. तिने पुढे होऊन पहिल्या वाटीत बोट बुडवलं आणि स्वतःही चाखून पाहिलं.

"म्हणजे सोमवारी जायचं नाही?" तिने विचारलं.

"ते अजून ठरायचंय," मावशी म्हणाल्या. "आपल्याला हवं आहे म्हणून ते खरं होत नाही. रक्त होतं की नाही, किती होतं, ते पाहावं लागेल. आणि ते मी पाहून चालणार नाही."

"का? सगळं तर तूच पाहतेस."

"म्हणूनच. मी तिची आजी आहे."

त्या रात्री मावशींना आपला गुन्हा सापडला. पूर्वी प्रत्येक नळी त्या खिडकीपाशी नेऊन, मागे पांढरा कागद धरून बघत. गढूळ आहे का, रंग आहे का. मागच्या वर्षी नवं यंत्र आलं. त्याला नंबर वाचता यावा म्हणून नळीभोवती रेघारेघांची चिकटपट्टी गुंडाळावी लागे, आणि ती पट्टी नळीला जवळजवळ पूर्ण झाकून टाकी. पाहायला काही उरलंच नाही, म्हणून पाहणंही सुटलं. बंद कर असं कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीच सोडलं होतं.

*

नोंदणीच्या खोलीत जो बसायचा त्याला सगळे टकटक म्हणत, कारण त्याची बोटं दिवसभर कळफलकावर टकटक करत. मुलांची कार्डं संगणकात भरायचं काम त्याचं. शुक्रवारी सकाळी तो अजून डबा कपाटात ठेवतच होता, तोवर मावशी दारात हजर.

"कार्डांवर समासात काही लिहिलेलं असतं, त्याचं काय करतोस?"

"समासात? मावशी, पोरं समासात काय काय काढतात! मांजरं, रॉकेट. एकाने मलाच काढलंय, टक्कल दाखवून."

"ते भरतोस का?"

"कुठे भरू? माझ्या पडद्यावर आठ चौकोन आहेत. नवव्या गोष्टीला जागाच नाही." मग त्याने मावशींचा चेहरा पाहिला. "का? काय झालं?"

"कार्डं आहेत ना?"

"ही काय, खोक्यात. एकही टाकलेलं नाही. टक्कलवालंसुद्धा."

मावशींनी खोक्याकडे पाहिलं. हात लांब केला असता तर भिंगरीचं कार्ड दोन मिनिटांत सापडलं असतं. तिचं अक्षर त्यांनी अंधारातही ओळखलं असतं. त्यांनी हात मागे बांधले.

"मी बघणार नाही. तूही आत्ता उघडू नकोस. आधी बाईंकडे चल."

डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "मावशी, राग मानू नका. हे आजीचं मन बोलतंय."

"बोलतंयच. म्हणून तर म्हणते, मला हात लावू देऊ नका."

"आणि दात? मोठ्यांच्या पाहणीत हीच वळी वर्षानुवर्षं वापरतात. कुणाला अडचण आली नाही."

"मोठ्यांचे दात हलतात का, बाई?"

डॉक्टरबाईंनी टेबलावरचा सूचनांचा कागद ओढून घेतला. आधीच्या अर्ध्या तासात काही खाऊ नये. पळापळ करू नये. खाली बारा ओळी होत्या, आणि बारांतल्या एकाही ओळीत दात नव्हता. मोठ्यांच्या पाहणीतला कागद मुलांसाठी घेतला होता. अक्षर मोठं केलं, चित्रं घातली, आणि मुलं म्हणजे छोटी मोठी माणसंच, असं सगळ्यांनीच धरून चाललं होतं. सहा-सात वर्षांच्या पोराला हलता दात असताना चावायला वळी द्यायची, ही चूक करायला इतकी शिकलेली माणसंच लागतात.

"टकटक," बाई म्हणाल्या, "तू कार्डं बघायची. समासात दात, रक्त, रंग, काहीही असेल तर नंबर लिहून ठेवायचा. आकडे वर आलेले कोण, ते तू विचारायचं नाही. मी सांगणार नाही."

"आणि नळ्या?"

"प्रत्येक नमुन्यातला अर्धा भाग आपण गोठवून ठेवलाय. रक्तात लोह वाहून नेणारं एक प्रथिन असतं. लाळेत ते नावापुरतं. ते सापडलं, की रक्त मिसळलं. ते तपासायचा संच फ्रीजमध्ये पडून आहे. सगळ्याच मुलांच्या नळ्या नकोत. आकडे वर आलेली अकरा, आणि त्यांत मिसळायला साधी बावीस. वॉर्डातल्या परिचारिकेला सांगते, नळ्यांवर नवे नंबर चिकटव आणि यादी स्वतःच्याच खणात ठेव."

"आणि तपासणार कोण?" मावशींनी विचारलं.

डॉक्टरबाईंनी बाह्या सरसावल्या. "मी."

टकटकने मावशींकडे पाहिलं. मावशींनी छताकडे पाहिलं.

"काय झालं? मला येत नाही का?"

"येतं ना बाई. शिकवलंय मीच. पण त्याला झाली अठरा वर्षं."

*

प्रयोगशाळेला एक काचेची भिंत होती. पलीकडे डॉक्टरबाई पिपेट घेऊन बसल्या, अलीकडे मावशी उभ्या. पिपेट म्हणजे अंगठ्याने दाबून थेंब उचलायचं साधन. दिसतं सोपं, पण अंगठा घाईत सुटला की थेंबात हवा शिरते. समोर बोटाच्या पेराएवढ्या वाट्यांची एक पट्टी. प्रत्येक वाटीत एकेका नळीतला थेंब; एका मुलाच्या तीन रात्रींच्या तीन वाट्या एका ओळीत. शेवटी ज्या वाटीत रक्ताचं प्रथिन असेल, ती पिवळी होणार. नसेल ती पाण्यासारखी राहणार.

पहिला थेंब बाईंनी उचलला आणि मावशींचा जीव वरखाली झाला.

"अंगठा हळू!" त्या काचेतून ओरडल्या.

"ऐकू येत नाही!" बाई आतून ओरडल्या.

"म्हणून तर ओरडतेय! हळू सोडा! दूध उतू जात नाहीये!"

टकटक कार्डांचं खोकं मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसला होता. त्याचे खांदे हलत होते. "मावशी, अख्खं इस्पितळ त्यांना घाबरतं, आणि तुम्ही—"

"तू खाली बघ. कार्डं वाच."

चौथ्या-पाचव्या वाटीनंतर बाईंचा अंगठा वळणावर आला. मावशींनी हळूहळू ओरडणं थांबवलं. दहाव्या वाटीला तर बाईंनी नळीच्या कडेला पिपेटचं टोक टेकवून शेवटचा थेंब अलगद झटकला. ती लकब मावशींची होती. ती कुठल्या पुस्तकात नाही. अठरा वर्षांपूर्वी एका हट्टी विद्यार्थिनीच्या मनगटाला धरून मावशींनी ती शिकवली होती. त्यांना क्षणभर बरं वाटलं.

मग थांबणं आलं. रंग उमटायला वेळ लागतो. बाई बाहेर येऊन मावशींच्या शेजारी उभ्या राहिल्या. टकटक मधूनच हसत होता आणि मधूनच गप्प होत होता.

"काय रे?"

"सांगायचं नाहीये ना?"

"नाही."

"मग गप्प बसतो. पण मावशी, ही पोरं... आपण आठ चौकोन देतो, आणि यांना सगळं दिसतं."

काचेपलीकडे एक वाटी पिवळी झाली. मग आणखी एक. मावशी मोजत होत्या आणि मोजायचं नाही असं स्वतःला बजावतही होत्या. कारण पिवळी वाटी कुणाची, ते त्यांना कळणार नव्हतं. आणि जी वाटी पाण्यासारखी राहिली ती भिंगरीची निघाली, तर सोमवार ठरलेलाच.

पिवळं दिसलेल्या ओळी दहा झाल्या. अकरावी झाली नाही.

परिचारिका आपली यादी घेऊन वर आली. डॉक्टरबाईंनी नवे नंबर जुन्या नंबरांशी जुळवले. मग आकडे वर आलेल्यांची यादी शेजारी ठेवली. मग टकटकचा कागद. तीन कागद ओट्यावर एका ओळीत. मावशी दोन पावलं मागेच उभ्या राहिल्या.

"आकडे वर आलेली अकरा मुलं," बाई बोटाने मोजत म्हणाल्या. "त्यांतल्या नऊ जणांच्या लाळेत रक्त. साध्या बावीस जणांत एकाच्या. टकटक, तुझे किती?"

"समासात दात नाहीतर रक्त लिहिलेले सात." त्याने कागद वाचला. "बारा नंबर, 'दात हलतो, दुखतं'. एकतीस नंबर, नुसता लाल ठिपका. एकोणऐंशी, 'कापूस खराब झाला, सॉरी'. आणि हे बघा, सत्तेचाळीस नंबर. तीन दिवस, तीन चित्रं. 'गुलाबी', 'जास्त गुलाबी' आणि..." तो हसला. "'कालच्यासारखंच'."

मावशींनी ओट्याची कड धरली.

बाईंनी नऊ जणांच्या यादीवरून बोट खाली नेलं. "तुझे सातही या नऊ जणांतलेच. सत्तेचाळीस... आहे. तिन्ही रात्री. पहिल्या रात्री कमी, पुढच्या दोन्ही रात्री जास्त." त्यांनी वर पाहिलं. "तिने लिहिलंय अगदी तसंच."

कुणीतरी खुर्ची आणली. या वेळी मावशी न सांगता बसल्या.

"एवढ्यात हसू नका," बाई म्हणाल्या. "तिचे आकडे रद्द. रद्द म्हणजे चांगले असं नव्हे. नापास नाही, पण पासही नाही."

"माहीत आहे मला. पुन्हा द्यायला लावते. दात पडून आठवडा झाला, हिरडी भरलीय. चावायचं नाही, तोंडात लाळ जमू द्यायची आणि जाड नळीने सरळ खाली सोडायची. दात घासायचे नमुना दिल्यावर, आधी नाही."

"आणि मोजणार मी."

"तुम्हीच. पण अंगठा—"

"हळू. कळलं!"

निघता निघता मावशींनी मागे वळून विचारलं, "बाई, ते दोघं? आकडा वर, पण रक्त नाही?"

"त्यांच्या घरी आजच फोन करते," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "काल मी अकरा जणांना दाखल करणार होते. नऊ जणांना सुया उगाच टोचल्या असत्या. आणि त्या गर्दीत या दोघांचा नंबर कधी लागला असता, कोण जाणे."

*

शनिवारी आणि रविवारी झोपायच्या वेळी भिंगरीने नळी तोंडात धरून लाळ सोडली. शेजारी लेक पांढरा कागद धरून उभी. नळीवर पट्टी नव्हती. मावशींनी तशी ताकीदच दिली होती.

"पाण्यासारखी आहे का ग, आई?"

"पाण्यासारखीच आहे."

"मग लिही. गुलाबी नाही, असंपण लिहायचं असतं. नसलेलंसुद्धा दिसतं."

लेकीने मावशींकडे पाहिलं. गुरुवारपासून ती त्यांच्याशी धड बोलली नव्हती. "हे तूच शिकवलंस तिला?"

"नाही. हे तिचं तिलाच सुचलं."

सोमवारी सकाळी तिघी वॉर्डाच्या दारापुढून गेल्या आणि थांबल्या नाहीत. जिना चढून प्रयोगशाळेत आल्या. डॉक्टरबाईंनी भिंगरीला भिंतीला टेकवून उभं केलं, उंची मोजली, शाळेच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहिली. दर वर्षी जेवढी वाढायला हवी तेवढीच वाढत होती. बुटकी होती, पण थांबलेली नव्हती.

"तुमच्यात बुटकं कोण?"

लेकीने आणि भिंगरीने एकदमच मावशींकडे बोट दाखवलं.

मग बाई आत गेल्या. काचेपलीकडे त्या यंत्रापुढे उभ्या राहिल्या, आणि वळल्या तेव्हा त्यांच्या हातात कागद होता. त्या बाहेर येऊन सांगतील, एवढाही धीर लेकीला नव्हता. तिने काचेवर तळहात टेकवला. बाईंनी कागद काचेला लावून धरला. दोन आकडे, दोन्ही रेषेच्या कितीतरी खाली.

लेकीने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. भिंगरी तेवढ्यात दोन गिरक्या घेऊन आली.

"आजी, मी पास?"

"थुंकीत कुणी—"

"पास की नापास तेवढं सांग!"

"पास," डॉक्टरबाई दारातून म्हणाल्या. "पहिल्या नंबराने."

"नाही, माझा सत्तेचाळीस नंबर आहे."

*

दोन महिन्यांनी पाहणीची मोठी बैठक भरली. इतर इस्पितळांतले लोकही आले होते. त्या दोन मुलांपैकी एकाचा आकडा दुसऱ्या वेळी आपोआप खाली आला होता. दुसऱ्या मुलाचा आला नाही. एक मुलगा, नऊ वर्षांचा, घरचे ज्याला कौतुकाने 'गुटगुटीत' म्हणत. त्याच्या डोक्यातली वाटाण्याहून लहान गाठ वेळेत सापडली होती आणि तो आता बरा होत होता. डॉक्टरबाईंनी हे सांगितलं तेव्हा सभागृहात चुळबुळसुद्धा थांबली.

मग त्यांनी पडद्यावर एक कार्ड दाखवलं. समासात वाकडातिकडा दात, खाली मोठ्या अक्षरांत, 'जास्त गुलाबी'.

"आमची पद्धत चुकली होती," त्या म्हणाल्या. "यंत्र बरोबर होतं, मोजणी बरोबर होती, चूक आमच्या सूचनांत होती, आणि ती आमच्यातल्या एकालाही दिसली नाही. ती दिसली सत्तेचाळीस नंबरला. या मुलीला कुणी विचारलं नव्हतं. तिने पाहिलं आणि लिहिलं. आता आमच्या कार्डावर नववा चौकोन आहे. त्यावर फक्त एवढंच छापलंय, 'आणखी काय दिसलं?' आणि यापुढे या प्रयोगशाळेत एकही नळी उजेडात धरून पाहिल्याशिवाय यंत्रात जाणार नाही."

पुढच्या रांगेतल्या एका पाहुण्या डॉक्टरांनी मान डोलावली. "सत्तेचाळीस नंबरला घरी कुणीतरी चांगलं शिकवलंय."

मागच्या रांगेत टकटक मावशींच्या शेजारी बसला होता. त्याने कोपराने त्यांना हळूच ढोसलं. "सांगू का?"

"खबरदार. यादी कुलपात असते."

"अहो, पण तुमच्या पोटात राहतंय तरी कसं?"

व्यासपीठावरून डॉक्टरबाई एकदाच त्यांच्याकडे बघून गेल्या, आणि तेवढं पुरलं. मावशी ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर, नेहमीसारख्या. फक्त पडदा बदलला, दाताचं चित्र गेलं आणि तिथे रेषा नि आकडे आले, तरी त्या बराच वेळ तिकडेच पाहत होत्या.

बैठक संपल्यावर चहाला न थांबता त्या वर गेल्या. त्या दिवशीच्या नळ्या आल्या होत्या. चिकटपट्टी आता त्या नळीच्या वरच्या टोकालाच गुंडाळत. त्यांनी पहिली नळी उचलली, खिडकीपाशी नेली आणि मागे पांढरा कागद धरला.